सेल्फ फिरतो पण गाडी पकडत नाही: जुन्या पेट्रोल गाडीतला बिघाड क्रमाने कसा शोधायचा

जुनी गाडी सेल्फ मारल्यावर घरघर फिरते पण पकडत नाही म्हटलं की बहुतेक जण एकाच पद्धतीने चुकतात. आधी बॅटरी बसेपर्यंत सेल्फ मारत राहतात, मग चार माणसं गोळा करून धक्का देतात, मग कुणीतरी म्हणतं कॉईल (बॅटरीच्या १२ व्होल्टवरून स्पार्कसाठी हजारो व्होल्ट तयार करते ती) गेली असणार म्हणून कॉईल बदलतात, तेवढ्याने नाही झालं की प्लग, मग पेट्रोल पंप, आणि एवढा खर्च झाल्यावर कळतं की एक वायर ढिली होती. मी स्वतः माझ्या कार्बोरेटरवाल्या मारुती ८०० ला हे सगळं करून बसलोय, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पेट्रोल इंजिन पकडायला मोजक्या गोष्टी लागतात. प्लगला करंट, सिलेंडरमध्ये पेट्रोल आणि हवा, नीट कॉम्प्रेशन (पिस्टनने मिश्रण दाबल्यावर सिलेंडरमध्ये होणारा दाब), आणि हे सगळं योग्य वेळेला. यातलं नेमकं काय येत नाहीये हे ठरल्याशिवाय एकही पार्ट विकत आणायचा नाही, खाली जे काही सांगितलंय ते सगळं या एका नियमासाठी आहे.

हे ८००, ओम्नी, झेन, एस्टीम, पद्मिनी, पेट्रोल अँबेसेडर, जुनी सँट्रो अशा गाड्यांसाठी आहे. डिझेलला स्पार्क प्लगच नसतो त्यामुळे तिचं गणित वेगळं. आणि किल्ली फिरवल्यावर नुसता टक आवाज येत असेल, सेल्फ फिरतच नसेल, तर तो आजार वेगळा, इथे नाही.

## आधी तयारी

एवढं सामान जवळ ठेवा: प्लग पाना, साधा मल्टीमीटर, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, रबरी मुठीची पकड, कोरडं सुती फडकं, पॉलिश पेपर, टॉर्च, मास्किंग टेप, पेन आणि एक जादाचा चालू स्पार्क प्लग. हा जादाचा प्लग लोक घेत नाहीत आणि मग करंट बघायला इंजिनमध्ये बसवलेलाच प्लग काढतात, ते धोक्याचं का आहे ते पुढे सांगतो. शिवाय किल्ली मारायला एक माणूस लागतो. त्याला आधीच सांगून ठेवा की मी "मार" म्हटल्याशिवाय किल्लीला हात लावायचा नाही, कारण तुमचे हात फॅन आणि बेल्टच्या जवळ असणार आहेत.

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, जागा उघडी. बंद पार्किंगमध्ये पेट्रोलची वाफ साचते, तिथे हे करू नका.

> सावध: सेल्फ एका वेळी जास्तीत जास्त १० सेकंद, आणि मध्ये निदान अर्धा मिनिट विश्रांती. सलग मारलात तर सेल्फ मोटर तापून जळते आणि मूळ बिघाड राहतो बाजूला.

## टप्पा १: बॉनेट उघडायच्या आधी

जुन्या गाडीला आधीच्या मालकांनी बऱ्याच वायरी जोडलेल्या असतात हे लक्षात ठेवा.

चोर स्विच. डॅशबोर्डखाली, सीटखाली, कधी हँडब्रेकजवळ लपवलेला छोटा स्विच असतो, तो कॉईलचा किंवा पेट्रोल पंपाचा करंट तोडतो. तो बंद असला तर सेल्फ झकास फिरणार आणि गाडी मात्र पकडणार नाही. सेकंडहँड घेतलेली गाडी असेल तर आधीच्या मालकाला एक फोन करून विचाराच.

सीएनजी किंवा एलपीजी किट. बाहेरून बसवलेलं किट असेल तर त्याचा स्विच कुठे आहे ते बघा. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलच्या पाईपवर एक सोलेनॉईड वॉल्व्ह बसवतात, स्विच गॅसवर किंवा मधल्या जागेवर असला की तो पेट्रोल बंद करतो. घरातल्या मुलाने खेळता खेळता स्विच हलवला आणि घरचे सगळे दोन दिवस गाडीला नावं ठेवत बसले असं झालेलं आहे.

पेट्रोलचा काटा. जुन्या गाडीचा काटा खरा धरू नका. टाकीतला फ्लोट अडकला की पाव टाकी दाखवतो आणि आत काही नसतं. शंका असेल तर दोन-तीन लिटर आणून टाका, त्यापेक्षा स्वस्त टेस्ट नाही. आणि गाडी बरेच महिने उभी होती का तेही आठवा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं आणि उभ्या गाडीच्या टाकीत पाणी तळाला बसू शकतं.

इमोबिलायझर, म्हणजे ओळखीची किल्ली नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणारी चोरीविरोधी यंत्रणा. २००० नंतरच्या काही गाड्यांत असते. किल्ली ऑन केल्यावर किल्लीचा किंवा कुलपाचा दिवा सारखा लुकलुकत राहिला तर दुसरी किल्ली लावून बघा.

## टप्पा २: कान द्या

आता एकदा सेल्फ मारा आणि फक्त ऐका.

* रड्या, ओढल्यासारखा आवाज, प्रत्येक फेरीला जीव जातोय असा: बॅटरी किंवा टर्मिनल. टप्पा ३.
* नेहमीचा ठेका, दम आहे पण पकडत नाही: करंट किंवा पेट्रोल. टप्पा ४ पासून.
* नेहमीपेक्षा हलका, सुसाट, एकसुरी आवाज, जणू इंजिनला वजनच नाही: कॉम्प्रेशन नाहीये, टायमिंग बेल्ट (वॉल्व्ह योग्य वेळी उघडणारा कॅमशाफ्ट फिरवतो तो पट्टा) तुटला असण्याची शक्यता मोठी. सेल्फ मारणं तिथल्या तिथे थांबवा आणि सरळ टप्पा ७ वर जा, कारण काही इंजिनांत बेल्ट गेल्यावर पिस्टन वॉल्व्हवर आदळतो आणि जितकं फिरवाल तितकं नुकसान.
* फटाका, कार्बोरेटरमधून किंवा सायलेन्सरमधून: करंट येतोय पण चुकीच्या वेळेला. प्लगच्या वायरी अदलाबदल झाल्यात किंवा टायमिंग सरकलंय.

आणखी एक खूण, जी फार कामाची आहे आणि कुणी लक्षात घेत नाही. किल्ली धरून ठेवली की इंजिन पकडतं आणि किल्ली सोडली की लगेच बंद पडतं असं होत असेल तर प्लग, कार्बोरेटर काही उघडू नका. इग्निशन स्विच किंवा कॉईलच्या लाईनमधला बॅलास्ट रेझिस्टर (कॉईलला जाणारा करंट मर्यादित ठेवणारा भाग), बिघाड बहुतेक वेळा या दोघांत असतो.

## टप्पा ३: बॅटरी, सेल्फ फिरतो म्हणजे चांगली असं नाही

इथे भलेभले फसतात. सेल्फ फिरवण्यापुरता दम बॅटरीत असतो, पण सेल्फ सगळा करंट खातो आणि कॉईलला जेमतेम काही उरतं, मग स्पार्क मरतुकडा पडतो.

मल्टीमीटर डीसी व्होल्टवर, थेट बॅटरीच्या खांबांवर. सगळं बंद असताना १२.५ ते १२.६ हवेत. मग माणसाला सेल्फ मारायला सांगून आकडा बघा. ९.६ च्या खाली घसरला तर आधी बॅटरी चार्ज करा, बाकी सगळं नंतर, कारण या बॅटरीवर पुढच्या कुठल्याच टेस्टचा भरवसा नाही.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुवा, घासा, आवळा. आणि बॅटरीच्या निगेटिव्हमधून बॉडीला आणि तिथून इंजिनला गेलेली जाड पट्टी, म्हणजे अर्थ, तिचे नट उघडून खालचा पत्रा पॉलिश पेपरने चमकवा. कोकणातल्या खाऱ्या हवेत वापरलेल्या गाडीत हे आधीच करून टाका.

## टप्पा ४: प्लग काढा आणि वाचा

अर्धं निदान इथे होतं, आणि खर्च शून्य.

वायरी एकदम सगळ्या काढू नका. प्रत्येक वायरला टेप लावून १, २, ३ लिहा, मगच काढा. ८०० च्या तीन सिलेंडर इंजिनचा फायरिंगचा क्रम १-३-२ आहे, चार सिलेंडरच्या बहुतेक गाड्यांत १-३-४-२. वायरी अदलाबदल झाल्या तर मूळ बिघाड सापडला तरी गाडी पकडणार नाही आणि तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू कराल. वायर ओढताना वायरीला धरून ओढायचं नाही, टोकाच्या रबराला धरून जरा पिळून काढायचं.

आता आठ-दहा सेकंद सेल्फ मारून झाल्यावर लगेच काढलेल्या प्लगकडे बघा, वासही घ्या.

* कोरडा, पेट्रोलचा वास नाही: पेट्रोल पोचत नाही. टप्पा ६.
* ओला, पेट्रोलचा भपकारा: पेट्रोल येतंय, करंट नाही किंवा इंजिन फ्लड झालंय, म्हणजे जास्त पेट्रोल जाऊन प्लग भिजलेत. टप्पा ५.
* काळा, भुकटी काजळी: मिश्रण जाड, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. चोक (थंडीत सुरू करताना हवा कमी करणारी झडप) अडकलाय का, एअर फिल्टर चोंदलाय का बघा.
* काळा पण तेलकट, चिकट: ऑईल वर येतंय, रिंग किंवा वॉल्व्ह सील. प्लग साफ करून काम चालवता येईल, पण ते तात्पुरतं.
* पांढरट साय किंवा थेंब: आत पाणी. पेट्रोलमध्ये पाणी, नाहीतर हेड गॅस्केट. रेडिएटरचं पाणी कमी झालंय का बघा, इंजिन थंड असतानाच.

ओले प्लग पुसून, वाळवून, ब्रशने साफ करा, गॅप मॅन्युअलप्रमाणे आहे का बघा आणि परत बसवा. आधी हाताने आटे बसवायचे, पाना शेवटी. हेड अल्युमिनियमचं असतं, वाकडा आटा बसला की हजारोंचं काम निघतं.

> फ्लड झालेलं इंजिन असं मोकळं करा: चोक वापरू नका, ओढलेला असेल तर आत ढकला, ऍक्सिलरेटर पूर्ण खाली दाबून धरून ठेवा, सारखा पंप करू नका, आणि ८-१० सेकंद सेल्फ. एमपीएफआय गाड्यांतही (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या, ज्यांचं कंट्रोल युनिट म्हणजे छोटा कॉम्प्युटर ते ठरवतो) बऱ्याचदा हीच युक्ती चालते, पूर्ण दाबल्यावर कंट्रोल युनिट पेट्रोल तोडतं. लोक नेमकं उलट करतात, पकडत नाही म्हणून पाय मारत राहतात आणि आणखी पेट्रोल ओततात.

## टप्पा ५: करंट

सगळे प्लग जागेवर बसलेले असू द्या. एका वायरला तो जादाचा प्लग लावा, प्लगचं लोखंड इंजिनच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा, वायर रबरी मुठीच्या पकडीत धरा, आणि जागा कार्बोरेटर आणि पेट्रोलच्या पाईपपासून लांब निवडा. प्लगचं भोक उघडं असेल तर सेल्फ मारल्यावर त्यातून पेट्रोलचा फवारा येतो आणि शेजारी तुमची ठिणगी, म्हणून जादाचा प्लग. एमपीएफआय असेल तर आधी पंपाचा फ्यूज काढून ठेवा.

> सावध: वायर नुसती हवेत धरून ठिणगी बघू नका. हातात बसणारा झटका वीस हजार व्होल्टच्या वरचा असू शकतो, आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनवाल्या गाडीत अर्थ न मिळाल्याने इग्निशन मॉड्यूल जळू शकतं. पेसमेकर असलेल्या माणसाने हे काम करूच नये.

निळा, जाड, कडाडणारा स्पार्क आला तर करंट ठीक, टप्पा ६ वर जा. पिवळा-नारिंगी, बारीक आला तर कमजोर आहे. काहीच नाही तर असं मागे मागे जा:

(अ) कॉईलपासून डिस्ट्रिब्युटरला (करंट पाळीपाळीने एकेका प्लगला वाटणारा भाग, वर कॅप म्हणजे झाकण आणि आत फिरणारा रोटर) येणारी मधली जाड वायर. ती डिस्ट्रिब्युटरमधून काढून तिलाच जादाचा प्लग लावून वरच्यासारखं बघा. इथे चांगला स्पार्क आणि प्लगला नाही, याचा अर्थ दोष कॅपमध्ये किंवा रोटरमध्ये.

माझं इथेच अडलं होतं. जुलै, तीन दिवस संततधार, गाडी उघड्यावर. गॅरेजवाल्याने कॉईल बदलली, प्लग बदलले, गाडी दुपारी ऊन पडल्यावर चालू व्हायची आणि सकाळी पुन्हा तेच. शेवटी मी कॅप काढून टॉर्च आत मारली तर दोन पितळी टोकांच्या मध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी केसाएवढी काळी रेघ. तो कार्बनचा माग, ओलावा आला की करंट प्लगकडे न जाता त्या रेघेवरून पळत होता. नुसत्या पुसण्याने ती जात नाही, कॅपच बदलावी लागते. म्हणून कॅप आतून बघाच: दव, काळी रेघ, तडा, आणि मधोमध असलेला स्प्रिंगचा कार्बन जागेवर आहे का. फक्त ओलावा असेल तर सुती फडक्याने कोरडं करा, बस.

(ब) मधल्या वायरीलाही स्पार्क नाही. किल्ली ऑन, कॉईलच्या प्लस टोकाला टेस्ट लॅम्प, लॅम्पचं दुसरं टोक अर्थला. पेटला पाहिजे, आणि सेल्फ मारत असतानाही पेटलेला राहिला पाहिजे. ऑनला पेटतो आणि सेल्फच्या वेळी विझतो तर इग्निशन स्विच झिजलाय. मुळातच पेटत नाही तर फ्यूज, चोर स्विच, वायर.

(क) प्लसला करंट आहे. आता लॅम्प कॉईलच्या मायनस टोकाला लावून सेल्फ मारा. लॅम्प लुकलुकला पाहिजे. लुकलुकतोय आणि तरी स्पार्क नाही तर कॉईल किंवा मधली वायर, आता कॉईलवर संशय घ्यायला हक्क आहे. लुकलुकत नाही तर कॉईलचा दोष नसण्याचीच शक्यता जास्त: जुन्या गाडीत सीबी पॉईंट (डिस्ट्रिब्युटरमधले कॉईलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) जळालेत, चिकटलेत किंवा त्यांना जोडलेला कंडेन्सर गेलाय, नव्या गाडीत हेच काम करणारा पिकअप किंवा इग्निशन मॉड्यूल.

सीबी पॉईंटवर खड्डे पडले असतील तर पॉलिश पेपरने हलकं घासून, कोऱ्या कागदाची पट्टी मध्ये ओढून साफ करा. घासल्यावर गॅप बदलतो, तो फिलर गेजने पुन्हा लावल्याशिवाय कॅप बसवू नका.

(ड) डिस्ट्रिब्युटर नसलेल्या एमपीएफआय गाड्या. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा. जरासुद्धा हलत नसेल तर क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे कंट्रोल युनिटला कळवणारा सेन्सर) संशय घ्या. त्याचा कनेक्टर काढून साफ करून लावा, आणि वायर उंदराने कुरतडली आहे का नीट बघा.

## टप्पा ६: पेट्रोल

कार्बोरेटरची गाडी. इंजिन बंद, एअर फिल्टरचं झाकण काढा, टॉर्चने कार्बोरेटरच्या घशात बघत ऍक्सिलरेटरची दोरी हाताने एकदा ओढा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली पाहिजे. उडाली म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत (आतल्या पेट्रोल साठ्यात) पेट्रोल आहे. उडाली नाही तर कार्बोरेटरकडे येणारा पाईप सोडून प्लास्टिकच्या बाटलीत धरा, मधली कॉईलची वायर काढून अर्थला टेकवून ठेवा म्हणजे ठिणगी पडणार नाही, आणि काही सेकंद सेल्फ मारा. ठेक्यात धारा पडल्या तर पंप ठीक, दोष कार्बोरेटरच्या नीडल वॉल्व्हमध्ये (वाटीत पेट्रोल येऊ देणारी सुईसारखी झडप) किंवा जाळीत. धार नाही तर मागे जा: फिल्टर, पाईप, पंपाचा पडदा. जुना रबरी पाईप बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून फुगून बंद झालेला असतो किंवा बारीक चिरेतून हवा ओढतो, इथेनॉलवालं पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही.

बऱ्याच कार्बोरेटरवर एक वायर आलेला छोटा सोलेनॉईड असतो. किल्ली ऑन-ऑफ करताना कान जवळ नेऊन ऐका, टक आवाज आला पाहिजे. नाही आला तर त्याची वायर बघा, ती निघालेली असली तर जेटला पेट्रोलच मिळत नाही.

> सावध: कार्बोरेटरच्या घशात पेट्रोल ओतून सेल्फ मारू नका. एक बॅकफायर आला की ज्वाळा तोंडावर येते. एवढं सगळे करताना दिसतात म्हणून ते सुरक्षित होत नाही.

एमपीएफआय. किल्ली ऑन केल्यावर साधारण दोन सेकंद मागच्या सीटखालून किंवा टाकीकडून ऊंऽऽ असा आवाज आला पाहिजे. मागे कान लावून बसा आणि दुसऱ्याला किल्ली ऑन करायला सांगा. आवाज नाही तर फ्यूज, मग रिले. हॉर्नचा रिले अगदी तसाच असेल, नंबर जुळवून बघा, तर अदलाबदल करून टेस्ट होते. करंट पंपापर्यंत पोचतोय आणि पंप गप्प आहे तर सेल्फ मारताना टाकीच्या तळाला रबरी हातोडीने हलके दोन-तीन ठोके द्या. झिजलेला पंप कधी कधी त्याने जागा होतो. झाला तर गाडी घरी न्या आणि पंप बदला, कारण पुन्हा असाच जागा होईल याची खात्री नाही.

चेक इंजिनचा दिवा किल्ली ऑन केल्यावर पेटतो का तेही बघा. पेटतच नाही तर बल्ब गेलाय किंवा कंट्रोल युनिटलाच करंट नाही, म्हणून पंप शोधण्याआधी मेन रिले आणि फ्यूज तपासा.

आवाज येतोय, फिल्टर नवा आहे आणि तरी प्लग कोरडे, तर प्रेशर मोजावं लागतं. इंजेक्शनच्या पाईपमध्ये दाब असतो, तो घरी पान्याने सोडू नका, गॅरेजमध्ये गेज लावून घ्या.

## टप्पा ७: बेल्ट आणि कॉम्प्रेशन

करंट निळा, प्लग ओले, तरी पकडत नाही, किंवा टप्पा २ मध्ये आवाज हलका वाटला होता, तेव्हाच इथे या.

बेल्ट बघायची सोपी युक्ती अशी. ८०० सारख्या इंजिनात डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवरून फिरतो. कॅप काढा आणि माणसाला फक्त एक क्षण सेल्फ मारायला सांगा. रोटर फिरला तर बेल्ट जोडलेला आहे. रोटर जागचा हलला नाही तर बेल्ट तुटलाय, किंवा दात गेलेत, सेल्फ बंद, गाडी टो करून न्या. रोटर फिरतोय पण बेल्ट एखादा दात सरकलाय हे यातून कळत नाही, त्यासाठी टायमिंगच्या खुणा जुळवून बघाव्या लागतात.

कॉम्प्रेशन गेज मिळत असेल तर सगळे प्लग काढा, करंट आणि पेट्रोल दोन्ही तोडा, ऍक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, प्रत्येक सिलेंडरला पाच-सहा फेऱ्या. आकडा किती यापेक्षा सगळे एकमेकांच्या जवळ आहेत का ते महत्त्वाचं. एखादा फार खाली असेल तर त्या सिलेंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑईल टाकून पुन्हा घ्या: वाढला तर रिंग झिजल्यात, तेवढाच राहिला तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट. ऍक्सिलरेटर न दाबता घेतलेलं रीडिंग खोटं कमी येतं आणि त्यावरून चांगलं इंजिन उघडलेलं मी बघितलंय.

आणि हो, सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरून सेल्फ मारताना फुंकर येते का बघा. आत फडकं किंवा माती अडकली असली, किंवा आतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वितळून बसला असला, तर इंजिन पकडत नाही.

## टप्पा ८: थंड असताना सुरू, गरम झाल्यावर नाही

ही तक्रार वेगळी हाताळायची, कारण गाडी गॅरेजपर्यंत पोचेस्तोवर थंड होते आणि सुरू होते, मग कुणाला काही सापडत नाही. म्हणून पान्यांची पिशवी गाडीत ठेवा आणि बंद पडल्या जागी, गरम असतानाच टप्पा ५ चा स्पार्क बघा.

स्पार्क नाही तर कॉईल, मॉड्यूल किंवा क्रँक सेन्सर, तिघंही तापल्यावर दगा देतात आणि अर्ध्या तासाने शहाण्यासारखे चालतात. स्पार्क आहे आणि प्लग कोरडे, वर विदर्भातलं मे महिन्याचं ऊन किंवा नुकताच चढलेला घाट, तर कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलच्या पाईपमध्ये वाफ धरली असेल. बॉनेट उघडं ठेवा, मेकॅनिकल पंपावर आणि पाईपवर ओलं फडकं टाका, डिस्ट्रिब्युटरवर पाणी जाऊ देऊ नका, आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. नंतर घरी आल्यावर पाईप सायलेन्सरच्या मॅनिफोल्डला चिकटून गेलाय का बघा आणि लांबून वळवून घ्या.

कुठल्याही टप्प्यावर हात टेकले आणि गाडी गॅरेजला द्यायची वेळ आली तर "चालू होत नाही" एवढंच सांगू नका. कागदावर लिहून द्या: बॅटरी सेल्फच्या वेळी किती व्होल्ट, प्लग ओले की कोरडे, स्पार्क कुठपर्यंत येतो आणि कुठून पुढे नाही, पंपाचा आवाज येतो की नाही, गाडी थंड होती की गरम.